मुठीतल्या अक्षता

१

दुपारी साडेबाराला राजपुऱ्यातले विणकरांचे माग थांबत. सकाळपासून भिंतीतून, फरशीतून, भांड्यांच्या फळीतून चाललेली खटखट एकदम तुटे आणि गल्ली इतकी गप्प होई की शेजारच्या मालूबाईंच्या चुलीवरचं वरण उतू गेलेलंसुद्धा ऐकू येई. तासाभरानं माग परत सुरू होत. तेवढा एक तास निर्मलेचा.

नवरा नंदकुमार कचेरीत गेलेला असे. लेक रजनी जेवून माजघरात पडलेली असे. निर्मला देवाजवळ बसून पळीभर पाणी घेई, हात जोडी, आणि तिथून दिवेलागणीपर्यंत एक शब्द बोलत नसे. आषाढी एकादशीला तिनं हे मौन धरलं होतं आणि कार्तिकीपर्यंत ते निभवायचं होतं. मागणं एकच होतं. रजनीची वाचा परत यावी.

रजनी आठ वर्षांची. गेल्या श्रावणात तिला ताप आला. तीन दिवसांनी उतरला, आणि उतरताना बोलणं घेऊन गेला. डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिली, दोष काही नव्हता. ऐकू सगळं येई. हसली तरी आवाज नाही, रडली तरी नाही. शेंबूड पुसत नुसती बघत राही.

"मौन धरते म्हणे!" मालूबाई दारातून ओरडत. "लेक बोलत नाही म्हणून माय पण बोलत नाही. आणि मी कोणाशी बोलू वं? भिंतीशी? सजा तुझी नाही, माझी होऊ राहिली."

निर्मला हसून हातानंच 'बसा' म्हणे, आणि मालूबाई बसून दोघींच्या वाटचं बोलून जात.

२

तंबोऱ्याची कल्पना विनायक मास्तरांची. ते रजनीच्या शाळेत गाणं शिकवत. "नंदूभाऊ, घरात सूर पाहिजे," ते म्हणाले होते. "पोरगी बोलणार नाही कदाचित, पण गुणगुणेल. गुणगुणली की बोलेल. तयार तंबोऱ्याला वर्ष थांबावं लागेल. सुटे भाग मात्र मिरजेहून लगेच येतात. जोडायला काय, तुमचा हात चांगला आहे."

आषाढात रेल्वेनं पेटी आली. पेंढ्यात गुंडाळलेला भोपळा, लांब दांडी, भोपळ्याच्या तोंडावर बसवायची पातळ लाकडी तबली, चार खुंट्या, तारा टेकवायची घोडी, तारांची वेटोळी. सोबत कारागिराचं पत्र होतं : जोड चिकटवायचा सरस ताजा करावा, घाई करू नये, जोड सुकेपर्यंत हलवू नये.

सरस कातड्याचा, म्हणून निर्मलेनं तो चुलीवर चढू दिला नाही. "देवाचा नैवेद्य होतो त्या चुलीवर?" नंदकुमारनं मुकाट्यानं अंगणात तीन विटा मांडल्या आणि पंचा लावून डब्यात सरस ढवळत बसला. रविवारी सकाळी कचेरीतला कारकून असा धुरात डोळे पुसताना पाहून मालूबाईंना इतकं हसू आलं की त्यांनी लुगड्याचा पदर तोंडात घातला.

तबली चिकटवण्याआधी त्यानं भोपळा कानाशी हलवला. आत बी खुळखुळलं. उपडा करून थोपटला तेव्हा वाळक्या बिया पडल्या, आणि शेवटी तांदळाचा एक दाणा. पिवळा, हळद लावलेला.

"अक्षता," निर्मला म्हणाली.

"पाठवणाऱ्यानं टाकल्या असतील. शुभ म्हणून."

तसंच असेल. तिनं दाणा उचलला. बोटाला हळद लागली. मिरजेहून सात-आठ दिवस पेंढ्यातून आलेला दाणा अजून ओला कसा, हे तिच्या मनात आलं. पण पावसाळ्याचे दिवस, कशाला दमट व्हायला वेळ लागतो? तिनं तो तुळशीत टाकला.

तबली बसली. वरून सुतळी आवळली, वजनं ठेवली, चार दिवस कुणी हात लावला नाही. पाचव्या दिवशी नंदकुमारनं तंबोरा उचलला तेव्हा बंद भोपळ्यात काहीतरी खुळखुळलं. अगदी बारीक.

"सरसाचा खडा वाळला असेल," तो म्हणाला.

रजनी खांबाला टेकून बघत होती. तिनं बापाकडे नाही, भोपळ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही, अशी.

३

तारा चढवायला पुढच्या रविवारी सकाळी विनायक मास्तर स्वतः आले. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून सरकवून त्यांनी जवारी काढली, तारेला तो झिणझिणता घुमारा आणला. मग एकेक खुंटी पिळत सूर लावला. अर्धा तास घर नुसतं घुमत होतं.

"मधल्या दोनातली एक तार मी मुद्दाम उंच लावलीय," ते म्हणाले. "रजनीच्या पट्टीत. प्रार्थनेत हिचा आवाज सगळ्या वर्गाच्या वर असायचा, मला अजून आठवतो. आता एक गंमत बघा, वहिनी."

त्यांनी वहीच्या कागदाचे चार बारके तुकडे दुमडून चार तारांवर घोडेस्वारासारखे बसवले. दूर दाराशी जाऊन उभे राहिले आणि नंदकुमारला म्हणाले, "तुम्ही 'ओम्' म्हणा. खाली, जाड आवाजात."

नंदकुमार लाजत लाजत म्हणाला. चौथ्या तारेवरचा कागद थरथरला, उडून पडला. बाकीचे तीन जागच्या जागी. तंबोऱ्याजवळ कुणीही नव्हतं.

"अगंबाई!" निर्मलेच्या तोंडून निघालं.

"यात जादू नाही. तार कधी आपणहून बोलत नाही. तिच्या सुरात कुणी बोललं, तरच ती ओ देते. दुसरं कुणी कितीही ओरडो, ती ढिम्म." मास्तर रजनीसमोर उकिडवे बसले. "ही मधली तार तुझी आहे हं. तू म्हटलंस तरच बोलेल. म्हणतेस? आ..."

रजनीनं ओठ घट्ट मिटले. मास्तर हिरमुसले, पण तिच्या डोक्यावरून हात फिरवून चहाला वळले.

चहा पिताना नंदकुमारनं बातमी सांगितली. नोव्हेंबरात नवं राज्य होणार. जुन्या प्रांताच्या कचेऱ्या वाटल्या जाणार, काही माणसं इकडे, काही तिकडे. त्याचं नाव तिकडच्या यादीत आलं होतं. बदली अमरावतीला. पोळा झाला की निघायचं.

"चांगलं आहे," मास्तर म्हणाले. "मोठं गाव. मोठे डॉक्टर."

निर्मलेलाही वाटलं, चांगलं आहे. देव एखादं दार असंही उघडतो.

४

श्रावण लागला. एका दुपारी माग थांबले. निर्मला मौनात वाती वळत बसली होती. रजनी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती, तोंड मिटलेलं, श्वास संथ.

पुढच्या खोलीतून आवाज आला. झिऽऽ. कुणी घागरीत तोंड घालून हुंकार द्यावा तसा, लगेच विरला.

तिनं हलकेच लेकीचं डोकं उशीवर ठेवलं आणि जाऊन पाहिलं. तंबोरा कोपऱ्यात उभा. मास्तरांनी बसवलेले कागद रजनीनं परत तारांवर बसवून ठेवले होते. तीन जागेवर होते. रजनीच्या मधल्या तारेवरचा एक खाली पडला होता.

वारा असेल. तिनं खिडकी लावली. दुसऱ्या दिवशी खिडकी बंद असताना पडला. मांजर असेल. तिसऱ्या दिवशी दार लोटून घेतलं. मागांच्या खटखटीनं तार हलत असेल, असं तिनं मनाला समजावलं, आणि समजावता समजावताच तिला कळलं की माग चालू असताना कागद कधीच पडत नाही. सगळं शांत झालं की पडतो. आणि खटखटीनं हलायच्या तर चारही हलतील. हलते ती रजनीचीच तार.

तार आपणहून बोलत नाही. कुणी तिच्या सुरात बोललं तरच ओ देते.

मग बोलतं कोण?

निर्मला दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. मागं माजघरात रजनी झोपलेली दिसत होती. पुढं कोपऱ्यात तार अजून गुणगुणत होती. तिनं श्वास रोखून ऐकलं. तारेचा आवाज होता, पण ज्याला ती ओ देत होती तो आवाज नव्हता. तिच्या कानांना तो लागतच नव्हता, एवढंच. विचारायला तोंड उघडणार, तोच मौन आठवलं. तिनं ओठ मिटले, रजनीसारखे.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी डोकं दुखतं म्हणून कचेरीतून दुपारी घरी आला आणि कोपऱ्यासमोर खुर्ची टाकून बसला. माग थांबले. कागद पडला. त्यानं उठून तंबोऱ्यावर जुनी चादर टाकली.

"उंदीर असतील," तो म्हणाला. आणि चादरीची टोकं त्यानं भोपळ्याखाली घट्ट खोचली.

५

श्रावणी शुक्रवारी निर्मलेनं जिवतीची पूजा मांडली. भिंतीवर चित्र, त्याला आघाड्याची माळ, समोर चणे-गूळ. जिवती लेकराबाळांची राखण करते. मौनामुळे कहाणी या वर्षी तिनं मोठ्यानं सांगितली नाही, मनातच म्हटली. रजनी पाटावर समोर बसली होती. तिच्या उजव्या हातात अक्षता द्याव्यात म्हणून निर्मलेनं हात धरला, तर तिनं तो मागं ओढून घेतला आणि पाठीशी लपवला.

मनात कहाणी चालली. एक बाई होती, तिची लेकरं जगत नसत. एक जगलं. नदीला पूर आला. जिवती म्हातारीच्या रूपानं दाराशी आली, म्हणाली, बाई, पाणी चढतंय, लेकरू माझ्यापाशी दे. बाई म्हणाली, नको, माझं मी सांभाळते. तेव्हा जिवती म्हणाली...

चादरीखाली तार वाजली. विरली नाही. वाजतच राहिली, उंच, थरथरती, कुणी हट्टानं एकच गोष्ट विचारत राहावं तशी. निर्मलेच्या मनातली कहाणी तिथंच विस्कटली.

औक्षण झालं. लेकरू परगावी असेल तर आया चार दिशांना अक्षता टाकतात, जिथं असेल तिथं पोचाव्यात म्हणून. निर्मलेचं एकुलतं लेकरू तिच्यासमोर बसलं होतं. तरी तिचा हात उचलला गेला आणि त्यानं अक्षता कोपऱ्याकडे उडवल्या. का, ते तिला सांगता आलं नसतं.

पडल्याचा आवाज झाला नाही. नंतर तिनं केरसुणीनं कोपरा दोनदा झाडला. एक दाणा सापडला नाही. चादरीसकट तंबोरा सरकवला, तेव्हा भोपळ्यात आता बरंच काही खुळखुळत होतं.

तिला तेव्हा भीती वाटली ती भुताखेताची नव्हती. पोळ्याला बारा-पंधरा दिवस उरले होते. सामान जाईल, तंबोरा जाईल, रजनी जाईल. या खोलीत जे बोलत आहे ते मागं राहिलं तर?

६

निघायच्या आधीच्या गुरुवारी, दिवे लागल्यावर, मालूबाई भांडी बांधायला आल्या. मौन सुटलेलं होतं, तरी निर्मला फारसं बोलत नव्हती.

"सामान कमी दिसू राहिलं वं. ती शिंदीची चटई कुठं गेली तुझी? लई चांगली होती."

"ती गेल्या वर्षीच गेली. काकांच्या गावी, जसोंडीला. तिथला गडी भिकन तेराव्याच्या वेळी बैलगाडीत घालून घेऊन गेला होता."

"हां, हां. तुमच्या काकांच्या वेळी." मालूबाईंनी हंड्यात चिंध्या कोंबल्या. "काय दिवस होता तो, माय! असाच श्रावणी शुक्रवार. भिकन सायकलवर आला, काका गेले म्हणाला, अन् तू पूजेवरून तशीच उठली."

"सूतक आलं ना. देवाला हात लावता येईना. निरांजनसुद्धा तसंच विझू दिलं. पहिल्या गाडीनं आम्ही दोघं निघालो, रजूला तुमच्याकडे सोपवलं."

"सोपवली खरी, पण सोपवताना कोणी पाहिलं? तू गल्लीतून ओरडली, 'मालूबाई, रजूकडे बघा.' माझे हात कणकीत, अन् घर गप, वाटलं झोपली असेल. मी आली तर दिवे लागेल होते. पोरगी त्या चटईवर तशीच बसेल. मांडी घालून, मूठ बांधून. 'चल वं बाई' म्हटलं, तर हालली नाही. बोलली नाही. उचलून नेली मी. अंग तापेल होतं. झोपेत मूठ सोडवली तर तांदूळ पडले."

निर्मलेच्या हातातलं झाकण खाली ठेवायचं राहून गेलं.

दुपारी बारापासून दिवे लागेपर्यंत.

तिला आपलाच आवाज आठवला, रागाचा नव्हे, लाडाचा. रजू, मूठ घट्ट धर हं. कहाणी पुरी होईपर्यंत सोडायची नाही आणि एक शब्द बोलायचा नाही. मध्येच कुणी बोललं की जिवती उठून जाते, मग आपल्या घराची राखण कोण करणार? आणि लेकीनं पुढचे दोन दात पडलेल्या तोंडानं विचारलं होतं, पुरी झाली ते कसं कळेल? ती म्हणाली होती, मी सांगेन ना.

सांगितलंच नव्हतं. कहाणी 'जिवती म्हणाली' इथं थांबली होती, आणि दारात सायकल वाजली होती.

"काय झालं वं?" मालूबाई म्हणाल्या. "पांढरी कशी पडली?"

"काही नाही. ताप नव्हता तो, मालूबाई."

७

शेवटचा शुक्रवार. घर उघडं झालं होतं. भिंतीवर जिवती, कोपऱ्यात चादरीतला तंबोरा, आणि बांधलेली गाठोडी. नंदकुमार शेवटचे कागद द्यायला कचेरीत गेला होता.

निर्मलेनं पूजा केली. माग थांबले.

पळीभर पाणी हातात घेऊन ती थांबली. मौन घेतलं नाही तर व्रत मोडतं. ज्या मागण्यासाठी धरलं, ते मागणंही मोडतं; निदान लहानपणापासून तिनं असंच ऐकलं होतं. दीड महिना तिनं या घरात दुपारी शब्द उमटू दिला नव्हता. तिला वाटत होतं, देव ऐकतो आहे. दुसरंही कुणी कान देऊन बसलं असेल, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

तिनं पाणी ताम्हनात सोडलं.

"आई, मला क्षमा कर," ती चित्राकडे पाहून म्हणाली. स्वतःचाच आवाज रिकाम्या घरात तिला परका वाटला. उठून तिनं तंबोऱ्यावरची चादर काढली, गेल्या वर्षी चटई होती तिथं उघड्या फरशीवर बसली आणि कोपऱ्याकडे तोंड केलं. रजनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती, हातात अर्धी भाकरी.

"तेव्हा जिवती म्हणाली," निर्मलेनं सुरुवात केली.

तार वाजली.

"जिवती म्हणाली, बरं बाई, तुझं तू सांभाळ. मी मागत नाही. फक्त दार लावू नको. मी उंबऱ्यात बसते." ती थांबली नाही. या वेळी थांबायचं नव्हतं. "पाणी चढलं. अंगणात आलं, ओट्यावर आलं. म्हातारीच्या पायाला लागलं आणि मागं फिरलं. सकाळी बाई उठली. लेकरू हसत होतं. उंबऱ्यात म्हातारी नव्हती, दोन ओली पावलं होती, बाहेर गेलेली नाहीत, आत आलेली."

तार आता सारखी वाजत होती, आणि पहिल्यांदा निर्मलेला तारेच्या मागचं ऐकू आलं. हुंकार होता तो. कहाणी ऐकताना लहान पोरं देतात तसा. हं... हं...

भोपळ्याच्या फुगीर कडेशी, भिंत आणि तंबोरा यांच्यामधल्या अंधुकात, फरशीपासून हातभर उंचीवर काहीतरी होतं. तिनं थेट पाहिलं नाही. पाहिलं तर ते लाजेल, बिचकेल, असं तिला वाटलं. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं तेवढं दिसलं. मांडी घातलेला गुडघा. त्यावर ठेवलेली मूठ, इतकी आवळलेली की बोटांची पेरं पांढरी, आणि फटींतून निथळलेली हळद.

उंबऱ्यात रजनी तशीच उभी होती. तिचे दोन्ही हात भाकरीला होते.

निर्मलेला पळून जावंसं वाटलं आणि त्याच वेळी कोपऱ्यात जाऊन ती मूठ छातीशी धरावीशी वाटली. दोन्हींतलं काही केलं नाही. तिनं हात जोडले.

"तिच्या लेकराला राखलं, तसं आमच्याही राख, माये," ती म्हणाली. "कहाणी पुरी झाली. पुरी झाली गं, बाळ. जिवती उठून गेली नाही. तू नीट बसलीस. आता मूठ सोड. बोल."

कोपऱ्यात एकेक बोट उघडलं.

फरशीवर तांदूळ पडले. या वेळी आवाज झाला, मूठभर, खळ्ळकन. तार थांबली. मधल्या तारेवरून पडलेला कागद तांदळात तसाच राहिला.

उंबऱ्यातून, डोहाच्या तळापासून वर आलेल्या पोरानं घ्यावा तसा एक मोठा श्वास ऐकू आला. भाकरी पडली. रजनी मटकन खाली बसली आणि दोन्ही हातांनी पोटऱ्या चोळू लागली.

"आई," ती म्हणाली. वर्षभरात दोन्ही दात आले होते, पण शब्द अजून फटीतून निसटत होते. "पायाला मुंग्या आल्या गं. केवढी लांब कहाणी!"

निर्मला धावली. लेकीला मांडीवर ओढून ती तिचे पाय चोळत राहिली. रजनी बोलतच होती, तहान लागली, भिकनची सायकल कुठे आहे, चणे कधी वाटायचे.

पलीकडे माग सुरू झाले. त्या खटखटीत निर्मलेचा हात रजनीच्या घोट्याशी थबकला. तिथं, कातडीवर, एकाला एक लागून आडवे-उभे वळ उमटले होते. शिंदीच्या चटईचे. ती बोटांनी ते हळूहळू चोळत राहिली, पुसले जाईपर्यंत.